हसुरामकाकांचे आक्षेप

तळवलीचे हसुरामकाका एका जपानी चित्रकथेतल्या राजपुत्राच्या तोंडावर बोट ठेवून म्हणत, "यानं आधी डोलं काढलं. मंग नाकाला जागाच उरली नाय!"

बोलायचा अधिकार त्यांना होता. काका गणपती घडवत. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, तेही आंघोळ करून, कुणाशी न बोलता. एरवी तोंड बंद नसे.

पुस्तक त्यांच्या मुलानं, जनूनं, धाडलं होतं. तो मालवाहू जहाजावर होता, दोन वर्षं घरी आला नव्हता. बेलापूर रस्त्यावरून पोस्टमनची सायकल वळली की काका मातीच्या हातांनीच बाहेर येत. त्यांना सहीपुरतं लिहिता येई, म्हणून पत्रं शेजारचा मी लिहायचो, आणि पुस्तकातलं इंग्रजीही मीच वाचून सांगायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं असा गावाचा समज होता, आणि तो मोडायचा धीर मला नव्हता.

पहिला घोळ माझाच. पुस्तक मी नेहमीसारखं डावीकडून उघडलं. पहिल्याच पानावर पंखवाला अजगर मरून पडलेला.

"मेला ना हा? मंग आता लढतो कसा?"

"काका, याला फ्लॅशबॅक म्हणतात."

"पुस्तकभर?"

पत्रातून विचारलं, तर जनूचं उत्तर आलं, जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कॉलेजवाला!"

सरळ वाचल्यावर आक्षेप मिटतील असं मला वाटलं. ते वाढले. अजगर डोंगराएवढा, पण पायाखालचं गवत दबत नाही. दुष्ट राजा तलवार उगारून सात पानं भाषण करतो. "आधी हान, मंग बोल!" जादूगारीण तर दर संकटात नवा मंत्र काढते. "खिशात चावी हाय आनि दाराला धडका मारते. भ्या कशाचं वाटनार?"

सगळं नंबर घालून पत्रात जाई. जनूही हट्टी. भांडता यावं म्हणून त्यानं तेच पुस्तक स्वतःसाठीही घेतलं आणि चार-चार पानी उत्तरं धाडू लागला.

एका दुपारी काका एका पानावर थांबले. राजपुत्राला पाठीवर घेऊन अजगर समुद्रावरून चाललेला. काकांचं बोट लाटांवरून हळूहळू फिरलं.

"पानी जमलंय रे याला."

मला इतका आनंद झाला की मी लगेच पत्रात लिहिलं, 'बाबांना पुस्तक फार आवडलं,' आणि वाचून दाखवलं.

"खोड ते."

"पण काका, तुम्हीच आत्ता..."

"खोड बोललो ना!"

मग ते शाडू मळत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी लिवायचो, तब्बेत बरी हाय, घर बरं हाय. सा-सा महिने उत्तर नाय. बरं हाय बोलल्यावर तो तरी काय लिवनार?"

मी ओळ खोडली.

"नवी चूक शोध. माज्या संपल्या."

मी पानं चाळली. एका पानावर राजपुत्राचा घोडा होता, मान वळवून उभा. त्याचे पाय मी दोनदा मोजले. चारही होते, जागच्या जागी.

'घोड्याला तीनच पाय आहेत,' मी लिहिलं, आणि पुढे पानाचा नंबर नीट घातला.