ढोमणे काकांचं सगळं आत

ढोमणे काका हेल्मेट काढतात तेव्हा त्यातून आधी रुमाल पडतो, मग कंगवा, आणि शेवटी काकांचं डोकं निघतं. कुम्हारीहून भिलाईला रोज बाइकवर येतात, पण पिशवी आणत नाहीत. "बाहेर ठेवलं का हरपते, बेटा." डब्यातही वरण, भात, भाजी, लोणचं घरूनच कालवलेलं. "पोटात काय येगयेगळं रायते?"

आमच्या छोट्या ऑफिसात वेबसाइट बनतात. बाकीचे लोक साइटचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. काका सगळे फोटो प्रोग्रामच्याच पोटात घालून बिल्ड करतात. एकच फाइल उचला, कुठेही चालवा. सोय खरीच. फक्त एक फोटो बदलायचा, तर अख्खा प्रोग्राम पुन्हा बिल्ड करा.

रसमड्याच्या एका कारखान्याच्या सेठजींनी मिशी काढली. साइटवर ती तशीच. त्यांचा फोन आला तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "थोडा रुक जाइए सेठजी, वापस उग जाएगी."

बॉस भडकले. मला म्हणाले, "सब फाइलें बाहर निकालो. जो किसी पेज पर नहीं, डिलीट."

"कावून काढून राहिली व सगळं?" काकांनी विचारलं. मी बॉसच्या केबिनकडे बोट दाखवलं. ऑफिसात मी हिंदीच बोलते, तीही मोजकी. मराठी घरापुरती.

फाइली काढताना एक फोटो सापडला, जो कुठल्याच पेजवर नव्हता. स्कूटरवर बसलेली एक बाई, मोठ्याने हसणारी, डोक्यावर काकांचं हेल्मेट. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

काकांनी चष्मा पुसला. "तुही काकू. ते गेली, अन् मंग घरची डिस्कबी गेली. सगळे फोटो गेले. हा मी टेस्टिंगले टाकला होता, काढाचा राहून गेला. सेठजीच्या मशीनवर प्रोग्राम चालू होता, त्याच्यातून वापस भेटला." चष्मा परत लावून म्हणाले, "पेजवर नाही ना तो? मंग काढ. बॉस बरोबर बोलते."

"अब घर पर है ना, काका?"

"आहे ना. मोबाइलमदी आहे, पेनड्राइव्हमदी आहे. पण ते सगळं बाहेर..." आणि काका हेल्मेटमध्ये कंगवा नीट लावत बसले.

संध्याकाळपर्यंत मी सगळं बाहेर काढलं. सेठजींची मिशीही गेली. मग बिल्ड लावलं आणि ऑफिसात पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"काकू आतच आहेत, काका."