लाल दांडा आणि एक दशांश साक्षर

साक्षरतेसाठी सर्वांत आधी काय लागतं, असं विचारलं तर भोळी माणसं खडू-फळा म्हणतात आणि त्याहून भोळी माणसं पुस्तक म्हणतात. जाणकारांना ठाऊक असतं की सर्वांत आधी निरक्षर लागतो. पुस्तकं छापता येतात, फळे रंगवता येतात, मास्तर तर जाहिरात दिली की दारात रांग लावतात. निरक्षर मात्र तयार व्हायला तीस-चाळीस वर्षं घेतो आणि बिघडायला त्याला सहा महिने पुरतात. म्हणून हा माल शासनाने जपून वापरावा, या मताचे आम्ही आहोत, आणि शासनही त्याच मताचं आहे हे पाहून ऊर भरून येतो. (सदर मजकूर वाचणाऱ्याने पुढच्या परिच्छेदाकडे जाण्यापूर्वी एकदा जागेवरून उठून पुन्हा बसावे. कारण शेवटी दिले आहे.)

आमच्या वस्तीला 'कार्यस्थळ साक्षरता अनुदान योजना, खचलेल्या वस्त्यांकरिता' लागू झाली ती सहजासहजी नव्हे. त्यासाठी वस्ती खचलेली असल्याचा दाखला लागतो. तो वर्षभर चालतो. पुढच्या वर्षी पाहणी पथक येऊन वस्ती अजूनही खचलेलीच आहे ना, याची खात्री करून घेतं. (एकदा खचलो म्हणजे झालं, असं समजून निर्धास्त राहिलेल्या दोन वस्त्यांचं अनुदान गेलं. आता त्या खरोखरच खचल्या आहेत, पण अर्जाची मुदत संपली आहे.) यंदा पथक यायच्या आठवड्यातच शिंप्याने उत्साहाच्या भरात दुकानाला निळा रंग दिला. चार वडीलधारी माणसं जाऊन त्याला समजावून आली. भला माणूस, त्याने स्वतःच्या हाताने भिंत खरवडली. न्हाव्याने तडा गेलेला आरसा माळ्यावरून काढून पुन्हा टांगला. चपलांच्या दुकानदाराने चांगला दिवा काढून लुकलुकणारा बसवला. पथकप्रमुख जाताना म्हणाले की अशी शिस्त त्यांनी सधन वस्त्यांतही पाहिली नाही.

वस्तीतलं एकमेव कार्यस्थळ म्हणजे धुलाईखाना. दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टेबलावरचे कपडे इथे येतात, उकळतात, वाळतात आणि शेवटी मगरीतून जातात. मगर म्हणजे इस्त्रीचं यंत्र: माणसाएवढे लांब दोन तापलेले रोलर एकमेकांवर फिरत असतात, एका बाजूने चादर आत जाते आणि दुसऱ्या बाजूने कागदासारखी ताठ बाहेर येते. धुलाईखाना गेली कित्येक वर्षं तोट्यात होता. योजना आली आणि दर निरक्षर कामगारामागे अनुदान मिळू लागलं, तसा मालकाला प्रथमच आपल्या माणसांबद्दल जिव्हाळा वाटू लागला. कामगार एकतीस. त्यांचे पगार अनुदानातून निघत, मास्तरांचं मानधनही त्यातूनच निघे, आणि उरलेली रक्कम शैक्षणिक वातावरणनिर्मितीवर खर्च होई. (मालकाच्या खोलीतलं थंड हवेचं यंत्र याच सदरात मोडतं. मालक तापलेला असला की वातावरण बिघडतं, हे कोणीही मान्य करेल.)

योजनेच्या दोन कलमांकडे इथे लक्ष वेधतो. पहिलं: वर्षअखेर एक दशांशाहून अधिक कामगार साक्षर आढळल्यास त्या कार्यस्थळाचं अभिनंदन करून अनुदान बंद केलं जाईल. दुसरं: कामगार म्हणजे चाचणीच्या वेळी यंत्रापाशी हजर असलेली व्यक्ती. (हे कलम रजेवरच्या मंडळींना गाळण्यासाठी घातलं होतं. चांगलं कलम कशासाठी घातलं हे विसरावं आणि कशाला उपयोगी पडतं ते पाहावं.) एकतीसचा एक दशांश म्हणजे तीन पूर्णांक एक दशांश. म्हणजे तीन माणसं पूर्ण साक्षर झाली तरी चालणार होती, आणि चौथ्याला साधारण 'अ आ इ'पर्यंत मोकळीक होती.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मास्तर निघाले शिकवणारे.

असा माणूस प्रत्येक खात्यात एखाद-दुसरा निघतो आणि खातं त्याला सहन करतं. या मास्तरांनी खात्याची पुस्तकं गठ्ठ्यातच ठेवली आणि धुलाईखान्यात जे काही लिहिलेलं होतं, त्यावरूनच शिकवायला सुरुवात केली. सोड्याची पोती, चादरींवरचे शिक्के, नळावरची चकती. चार महिन्यांत बायका कोणत्या दवाखान्याची चादर कोणत्या विभागातून आली, हे वाचून हळहळू लागल्या. पाचव्या महिन्यात कोणत्या हॉटेलात कोण सांडतं, यावर चर्चा होऊ लागल्या. सहाव्या महिन्यात मास्तर वर्ग घेऊन मगरीपाशी गेले.

मगरीच्या डोक्यावर एक पत्र्याची पाटी अकरा वर्षं टांगलेली होती. सगळ्यांचा समज होता की ते यंत्र बनवणाऱ्याचं नाव असावं. दोन वर्षांपूर्वी याच पाटीखाली धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. धाकटी आणि थोरली या सख्ख्या जावा, दोघी मगरीवरच कामाला. चादर आत जाताना दुमडली, ती सरळ करायला धाकटीने हात पुढे केला, एवढंच. चौकशीत मालकाने लिहून दिलं होतं की 'सूचना स्पष्ट अक्षरांत लावलेली होती, सबब चूक कामगाराची.' भरपाईचा प्रश्न तिथेच मिटला. स्पष्ट अक्षरांपुढे कोणाचं काय चालणार?

वर्गात सर्वांत आधी नाव घातलं ते थोरलीने. त्या दिवशी तिने पाटीवरचं एकेक अक्षर जोडलं आणि मग सगळं सलग वाचलं: 'चादर सरळ करण्यापूर्वी लाल दांडा खाली ओढून रोलर थांबवावेत.'

यंत्राच्या अंगाला एक लाल दांडा होताच. त्यावर सगळे डबे अडकवत.

धाकटीने दांड्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "एवढंच होय," ती म्हणाली. "हे कोणी तोंडाने सांगितलं असतं तरी मला कळलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून दांड्यावरचे डबे गेले आणि प्रत्येक दुमडीला दांडा ओढला जाऊ लागला. रोलर थांबत, चादर सरळ होई, रोलर पुन्हा फिरत. चादरींचा आकडा पाचाला एकाने घसरला. साक्षरतेमुळे उत्पादन वाढतं असं मालकाला सांगण्यात आलं होतं. त्याने मास्तरांना बोलावून विचारलं की माणसांना वाचता यावं, पण वाचलेलं मनावर घेता येऊ नये, असा एखादा अभ्यासक्रम खात्याकडे नाही का? मास्तर म्हणाले, तो पदवीला असतो.

वर्षअखेर आली. पूर्वी तोंडी परीक्षा होई आणि जागोजागी माणसं एका सुरात नापास होत. खात्याला संशय आला. खात्याने अभ्यासगट नेमला. अभ्यासगटाने निष्कर्ष काढला की माणूस तोंडाने खोटं बोलतो, हाताने बोलत नाही. तेव्हापासून वर्तन चाचणी आली. कामगाराला एखाद्या सूचनेसमोर उभं करायचं. सूचनेप्रमाणे वागला तर साक्षर, नाही वागला तर निरक्षर. इतर ठिकाणी निरीक्षक 'खुर्ची मोडकी आहे' अशी पाटी आणि एक मोडकी खुर्ची बरोबर नेत. आमच्याकडे आले तेव्हा त्यांची नजर मगरीवर गेली. पाटी तयार असताना नवी मांडणं म्हणजे उधळपट्टी, असं म्हणून त्यांनी खुर्ची गाडीतच ठेवली. उद्या सकाळी प्रत्येकाने चालू मगरीवर एक दुमडलेली चादर सरळ करायची, असं ठरलं.

त्या दुपारी डबे खायच्या सुटीत मालकाने सगळ्यांना घड्यांच्या टेबलाभोवती जमवलं. दांडा ओढायच्या तीनच जागा होत्या. बाकीच्या अठ्ठावीस जणांनी तापल्या रोलरपाशी हात घालायचा होता. नाहीतर अनुदान बंद, पगार बंद, धुलाईखाना बंद. बरीच समंजस चर्चा झाली. एक जागा म्हाताऱ्या घडीवाल्याला मिळाली, कारण त्याला रोलर नीट दिसत नाहीत. दुसरी एका गरोदर बाईला. तिसरी धाकटीला द्यावी असं थोरलीने सुचवलं, तेव्हा मालकाच्या मेहुण्याने शंका काढली की तिच्यापाशी जाण्यासारखं मुळातच दोनाने कमी आहे, तर तिच्यावर जागा वाया का घालवा. हिशेब म्हणून मुद्दा बिनतोड होता.

"उरलेली आठ मला रोज लागतात," धाकटी म्हणाली आणि डबा बंद करून बसून राहिली. जागा तिला मिळाली.

मग मालक थोरलीकडे वळला. दांडा ओढायची सवय तिच्या हातात सगळ्यांहून मुरलेली, त्यामुळे धास्ती तिचीच होती. "अहो, एका चादरीपुरतं अडाणी व्हायला तुमचं काय जाणार आहे?"

"जाईल तेव्हा मोजून सांगते," थोरली म्हणाली.

सकाळी निरीक्षक पाटीखाली खुर्ची टाकून बसले. (चांगली खुर्ची.) एकेक जण पुढे येई, हात विजेसारखा आत घाली, बाहेर काढी आणि मुठीत धरून बाजूला उभा राही. निरीक्षक मान डोलावून 'निरक्षर' अशी नोंद करीत आणि नोंद झालेल्याचं मालक पाठ थोपटून अभिनंदन करी. घडीवाल्याने, गरोदर बाईने आणि धाकटीने दांडा ओढला. तीन. शेवटी थोरली उभी राहिली. चादर दुमडत आत सरकत होती. तिच्या मागे सत्तावीस जण आपापल्या मुठी धरून तिच्याकडे पाहत होते, आणि त्या नजरांत तिच्या घरचे आणि त्यांच्या घरचे सगळे महिने होते.

"चला बाई," निरीक्षक म्हणाले.

थोरलीने हात पुढे केला, मागे घेतला आणि दांडा ओढला.

रोलर थांबले. तिने चादरीचा कोपरा घाई न करता सरळ केला. कोणीतरी मागे नाक ओढलं. मालक भिंतीला टेकला. निरीक्षकांनी चार हा आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

"लिहा साहेब," थोरली म्हणाली. "पण एक चादर तुम्हीपण करून बघा. आम्ही काय करतो ते तरी कळेल." आणि तिने दांडा वर जाऊ दिला; रोलर पुन्हा फिरू लागले.

निरीक्षक तसे दिलदार. शिवाय काम संपलं होतं. ते हसत उठले, बाह्या वर सारायचं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि पुढे होऊन त्यांनी दुमडीत हात घातला. बाहीचं बटण आधी आत गेलं. थोरलीचा हात दांड्यावरच होता म्हणून मनगट राहिलं. बटण मात्र सपाट झालं.

मग धाकटी म्हणाली, "साहेब, सूचना तर स्पष्ट अक्षरांत लावलेली होती."

निरीक्षकांनी पाटीकडे पाहिलं. सकाळपासून ते तिच्याखालीच बसले होते. त्यांनी खुलासा केला की त्यांचं लक्ष चादरीकडे होतं. धाकटी म्हणाली, तिचंही होतं.

आता नियम म्हणजे नियम. चाचणीच्या वेळी निरीक्षक यंत्रापाशी हजर होते, म्हणजे ते कामगार. सूचनेप्रमाणे वागले नाहीत, म्हणजे निरक्षर. एकूण बत्तीस. मालकाच्या डोळ्यांत चमक आली ती इथे. चार साक्षर चालायला एकूण चाळीस माणसं हवीत. त्याने स्वतः पुढे होऊन हात घातला, आणि अभिनय करावा लागला नाही, कारण ती पाटी त्यानेही आजवर वाचली नव्हती. मग मेहुणा आला. मग निरीक्षकांचा कारकून, गाडीचा चालक, दवाखान्याच्या चादरी न्यायला आलेले व्यवस्थापक, बँकेचे अधिकारी, विम्याचा माणूस आणि समोरून चाललेले एक वकील. सगळे शिकलेले, सगळ्यांनी थेट हात घातला, आणि दर खेपेला थोरलीने दांडा ओढून त्यांना बाहेर काढलं. (एक घड्याळ गेलं.) मास्तरांना मात्र लांब उभं केलं होतं. ते नक्की वाचतील आणि त्यांच्यापायी आणखी नऊ माणसं जमवावी लागतील, ही भीती होती. एकूण चाळीस, साक्षर चार. अनुदान कायम.

धाकटीच्या भरपाईची फाईल पुन्हा उघडली आहे. ती विचाराधीन आहे, म्हणजे आता ती नुसती बंद नाही.

राहता राहिली एक अडचण. दुसऱ्या दिवसापासून एकतीसच्या एकतीस जण पुन्हा दांडाच ओढू लागले आणि चाचणीपुरताही हात घालायला कोणीच तयार होईना. एकतीस साक्षर टिकवायचे तर एकूण तीनशे दहा माणसं लागतात, म्हणजे सूचना वाचून तसं न वागणारी दोनशे एकोणऐंशी. एवढी माणसं मगरीपुढे उभी करायची तर थोरलीचा खांदा निखळेल. म्हणून खात्याने चाचणी छापील मजकुरातूनही घ्यायला परवानगी दिली आहे, आणि असा मजकूर वाचेल तो यंत्रापाशी हजर समजला जाईल.

पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी कंसात एक सूचना होती. आपण तिथे उठून पुन्हा बसला असाल तर आमचं नऊ माणसांचं नुकसान झालं, तरी आपलं अभिनंदन. बसूनच राहिला असाल, तर आपलं नाव यादीत घेतलं आहे; एकतीस घरांच्या वतीने आभार. हात मात्र जपा. आपल्या दांड्यावर कोण उभं आहे, हे आम्हाला ठाऊक नाही.