डिकीवरचा पोचा

भुजंग आप्पांकडे चहा प्यायचा म्हणजे आधी कपाचा पंचनामा व्हायचा. कप तुमच्या हातात देण्याआधी ते तो उजेडात धरत, गोल फिरवत आणि सांगत, "कानापाशी टवका उडालाय. बशीला चीर हाय, पर गळत न्हाई. बघून घ्या. कबूल?" पाहुण्यानं "कबूल" म्हटल्याशिवाय कप काही आप्पांच्या हातातून सुटत नसे. आमच्या शाळेचे नवे हेडमास्तर पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांना वाटलं हा गृहस्थ कपबशी विकायला काढतोय. ते घाईघाईनं म्हणाले, "नको नको, आमच्याकडं आहेत." चहा तसाच निवून गेला.

मी बोरीला मास्तर म्हणून आलो आणि आप्पांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घेतल्या म्हणजे काय, आप्पांनी मला हाताला धरून चारी भिंतींवरून फिरवलं. इथं पोपडा, इथं ओल, ह्या खुंटीला जड सदरा अडकवू नका, ह्या फडताळात उंदीर हाय पण तो जुना हाय, तुमच्या नावावर पडणार न्हाई. प्रत्येक ठिकाणी गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना "गवाह" म्हणून उभं केलेलं. त्या म्हाताऱ्यांना ह्या कामाची इतकी सवय होती की ते न विचारताच "कबूल, कबूल" म्हणत होते. शेवटी उंदीरही मी कबूल केला आणि बिऱ्हाड लावलं.

ही सगळी भाषा आप्पांच्या वडिलांकडून आलेली. वडील निजामाच्या काळात जिंतूरच्या कचेरीत चपराशी होते. त्यांनी मागं जमीन थोडी ठेवली आणि शब्द भरपूर ठेवले. आप्पा रान करायचे, कापूस-ज्वारी घ्यायचे, पण बोलायला लागले की दावा, गवाह, मुद्दई म्हणजे फिर्यादी, बरी म्हणजे निर्दोष, असा अख्खा दरबार तोंडातून बाहेर पडायचा. त्यांचं तत्त्व एकच होतं. "गुरुजी, चीज ह्या हातातनं त्या हातात गेली की भांडण लागतंय. म्हणून आधी गवाह करायचा, मग चीज द्यायची. मग भाऊ ऱ्हातोय भावासारखा."

भाऊ राहतो की नाही कोण जाणे, शेजारी मात्र वैतागून जात. माझ्याकडून शिडी नेली तर तिच्या प्रत्येक पायरीवर उभं राहून ती किती करकरते ते मला ऐकवत. परत आणली की पुन्हा तेच. एकदा मी म्हणालो, "आप्पा, शिडी तुमच्याकडंच ठेवा." तर दोन दिवस रागानं बोलले नाहीत. फुकटची चीज घेतो असं मी सुचवलं, हा त्यांच्या इमानावर घाला होता.

घरात ते आणि त्यांची लेक शकू, एवढीच माणसं. शकूची आई ती लहान असतानाच गेली. आप्पांनी पोर वाढवली, वेण्या घालायला शिकले, पण लाड म्हणून कधी बोलून दाखवायचे नाहीत. दिवसभर दोघांचा दावा चालायचा. ती म्हणायची, "आप्पा, भाकरी करपली न्हाई, तुमचे डोळे करपलेत." आणि आप्पा मला हाक मारायचे, "गुरुजी, गवाह हायेत का घरात?"

चारठाण्याचे पाहुणे शकूला बघायला आले, तेव्हा तर मला घाम फुटला. आप्पांनी मुलाकडच्यांना पाटावर बसवलं, पोरीला समोर बसवलं आणि सुरू झाले. "पोरगी बोलती लय. राग आला की जेवत न्हाई. भाकरी एका बाजूनं करपवती. रात्री झोपेत पांघरूण फेकती, थंडीत कुणीतरी उठून घालावं लागतंय. हिसाबाला पक्की हाय, पर पडतं घेत न्हाई. आत्ताच बघून घ्या, मागनं तक्रार चालायची न्हाई. कबूल?" शकूनं मान खाली घातली होती, ती रागानं की हसू दाबायला, मला कळलं नाही. मुलगाच म्हणाला, "कबूल." त्याच क्षणी आप्पांना तो आवडला असावा. कारण त्याच्या कपाचा पंचनामा त्या दिवशी झाला नाही.

लग्न ठरलं. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कधी बंद, कधी मोर्चा, एस.टी. सुटेल की नाही याचा नेम नसायचा. पोरगी सासरी जाताना रस्त्यात अडकून पडायला नको म्हणून आप्पांनी सेलूच्या रतनशेटची पांढरी अँबेसिडर भाड्यानं ठरवली. रतनशेटचं कापसाचं जिनिंग होतं, आणि लग्नसराईत ते आपली गाडी भाड्यानं देत. बरोबर त्यांचा ड्रायव्हर चांदपाशा. साधा, मऊ बोलणारा माणूस. बिडी ओढायची तर गाडीपासून लांब जाऊन ओढायचा.

गाडी लग्नाच्या आदल्या दिवशी दारात आली आणि आप्पा तिच्याभोवती फिरायला लागले. बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत, बैल पारखावा तशी मडगार्डवर चापट मारत, गल्लीतले दोन्ही गवाह मागून. जिथं खरचटलेलं, दबलेलं दिसेल तिथं गेरूचा एक ठिपका. "जुनं. कबूल?" चांदपाशा कबूल म्हणायचा. पांढऱ्या गाडीवर ठिपकेच ठिपके उमटले. आप्पा खूष झाले. असा पक्का पंचनामा सेलूच्या कोर्टानंसुद्धा केला नसेल, असं त्यांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सजवायला बायका बाहेर आल्या. त्यांना वाटलं, आप्पांनी हौसेनं गाडीला ठिपके दिलेत. मग काय, प्रत्येक ठिपक्यावर हळद चढली, हळदीवर कुंकू चढलं. एका बाजूला ठिपके कमी दिसतात म्हणून तिकडं आणखी काढले. आप्पांच्या मावशीनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि उरलेल्या कुंकवानं दारांवर पाचही बोटं उठवली. आप्पा मांडवातून बाहेर आले, तेव्हा जुनं कुठलं आणि शुभ कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ते कपाळाला हात लावून मला म्हणाले, "गुरुजी, सगळा पुरावा पुजून टाकला हो ह्यांनी!"

लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. मी त्या वेळी मांडवात सतरंज्या मोजून घेत होतो, त्यामुळे बाहेरचं मला दिसलं नाही. बायका रडत आत आल्या, तेवढं ऐकलं. आप्पांनी रीतीप्रमाणे तांब्यातलं पाणी चाकांवर घातलं, आणि त्यांच्या डोळ्यातून टिपूस काही आलं नाही, अशी त्यांच्यात कुजबुज होती. मावशी म्हणाली, "काळीज हाय का धोंडा!" मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. आप्पा मांडवाच्या खांबाला टेकून, आचाऱ्यानं परत केलेल्या कढयांचे पोचे बघत बसले होते.

पुढच्या आठवड्यात चांदपाशा बोरीला आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि मग खाली बघून म्हणाला, "आप्पा, शेटनं बोलावलंय. गाडीचं नुकसान झालंय म्हणायलेत. तुमी दिलं तर ठीक, न्हाईतर माझ्या पगारातनं कापणार हायेत."

"तुझ्या पगारातनं?" आप्पा उठूनच उभे राहिले. "तुझा काय गुन्हा? गरिबाला बुडवायलाय का तो शेट? उद्या येतो. गुरुजी, तुमी चला. गवाह पायजे."

मी रजा टाकली. टाकली नसती तर आप्पांनी शाळेत येऊन माझी रजा घेतली असती.

सेलूला जिनिंगच्या आवारात गाडी उभी होती. कापसाचे ढीग, पेंडीचा वास, आणि मधोमध आमची कुंकवानं माखलेली गाडी. चांदपाशानं चार वेळा धुतली होती, तरी ती अजून नवरीच दिसत होती. रतनशेट खाटेवर बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण गाडीवर त्याचा जीव होता.

"हॉर्न बंद पडलाय," शेट म्हणाले.

"वाजवून वाजवून पडला," आप्पा म्हणाले. "वरातीत हॉर्न वाजवायचा न्हाई तर काय त्याची आरती करायची? नोकरी करता करता मेला बिचारा. त्याचा दावा आमच्यावर बसत न्हाई."

"मागच्या सीटला हळद लागलीय. निघंना."

"शेट, नवरीची गाडी म्हणून भाड्यानं दिलात ना? मग नवरी हळदीचीच ऱ्हाणार. कोळशाची नवरी आम्ही कुठनं आणावी?"

जिनिंगमधले हमाल काम सोडून जवळ आले. शेटनाही हसू आवरेना. कुंकवाच्या डागांचं त्यांनी काढलं, तर आप्पांनी पिशवीतून चिंच काढली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि दाराचा एक पंजा स्वतः घासून दाखवला. तो निघाला. बाकीचे मी बसून काढतो म्हणाले. दिव्याची कडी सैल होती, ती जुनी असल्याचं चांदपाशानंच सांगितलं. एकेक दावा पडत गेला. आप्पा आता रंगात आले होते. चांदपाशाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बोला शेट, आता ह्याचा पगार सुटला का न्हाई?"

"सुटला. पण हे कसं सोडू?" शेट उठले आणि आम्हाला गाडीच्या मागं घेऊन गेले.

डिकीवर एक पोचा होता. चांगला खोल, वाटीसारखा गोल. तिथला रंगही उडाला होता.

मी आप्पांकडं बघितलं. आता ते पेरानं पत्रा वाजवतील, काहीतरी फर्मास बोलतील, म्हणून हमालही वाट बघत होते. आप्पांनी हात पुढं केलाच नाही. ते नुसते बघत राहिले. शेटनी मला विचारलं, "गुरुजी, हा आधी होता का?" मला खरंच आठवेना. ठिपके इतके होते की कुठल्या ठिपक्याखाली काय होतं, कुणाच्या लक्षात राहणार!

तेवढ्यात चांदपाशा म्हणाला, "शेट, ते माझ्याकडनं झालंय. गाडी मागं घेताना हौदाला लागली. माझ्या पगारातनं कापा."

"चांदपाशा!" आप्पा असे ओरडले की मी दचकलो. "खोटी गवाही देतो? माझ्यासमोर? कुठला हौद? आमच्या दारात हौद हाय का?"

"आप्पा, जाऊ द्या ना..."

"काय जाऊ द्या? आजवर मी कुणाला खोटा गवाह करू दिला न्हाई, आन तू माझ्यासाठी करायलाय?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. ते शेटकडं न बघता पोच्याकडं बघून बोलायला लागले. "शेट, हे माझं हाय. चाकावर पाणी घातलो. तांब्या हातात व्हता. गाडी हालली. पोरगी पुढं बघत व्हती. म्हणलं, एकदा थांबव म्हणावं. पर आवाजच निघंना. सगळ्या जल्मात पहिल्यांदा निघंना झाला. मग गल्लीच्या वळणापर्यंत मागं पळलो, आन मारलो. तांब्यासकट मारलो."

ह्या माणसाला मी रोज ऐकत होतो, त्याच्या बडबडीला रोज कंटाळत होतो, आणि पोरगी निघाली तेव्हा त्याला एक शब्द सापडला नव्हता. आप्पांनी पिशवीत हात घातला आणि पैसे काढून खाटेवर ठेवले. शेट म्हणाले, "राहू द्या हो आप्पा." आप्पा ऐकेनात. शेवटी शेटनी त्यातले थोडे परत केले, तर तेही पुन्हा खाटेवर ठेवले. आप्पांनी वाद न घालता पैसे दिलेले मी तेवढेच बघितले.

चांदपाशा आम्हाला एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आला. स्टँडवर लिंबाच्या झाडाखाली थांबलो, तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, ताई पुढं बघत न्हवती. आवाज झाला तशी मागं वळली. मागच्या काचंला तोंड लावून बसली. धुराळा उडला व्हता, तुमाला दिसली नसंल."

आप्पांनी त्याच्याकडं मान वळवली.

"जिंतूरपर्यंत तोंड उघडलं न्हाई तिनं. मग म्हणली, चाचा, लय मोठा आवाज झाला हो. मी म्हणलो, ताई, ही जुन्या पत्र्याची गाडी हाय, तिला काय होत न्हाई. तर म्हणली, गाडीचं न्हाई इचारायले मी. आप्पाच्या हाताला लय लागलं आसंल."

तेव्हा कुठं माझं लक्ष आप्पांच्या उजव्या हाताकडं गेलं. इतके दिवस एका घरात राहून मी तो बघितलाच नव्हता. बोटांची पेरं काळीनिळी झाली होती आणि दोन बोटं अजून सुजलेली होती. ह्याच हातानं त्यांनी चिंच घासली होती.

"आप्पा," मी म्हणालो, "एवढं लागलंय, तुम्ही बोलला नाहीत. दुखत नव्हतं का?"

आप्पांनी हात उलटा-सुलटा करून बघितला. डाव्या हातात घेऊन छातीशी धरला. डोळ्यांतलं पाणी पुसायला मग एकही हात मोकळा राहिला नाही.

"इतके दिवस दुखलं न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "आता दुखायलंय."