यशोदाअक्कांचा हेवा

आमच्या शेजारच्या यशोदाअक्कांच्या अंबाड्यात कायम लोकर विणायची एक सुई खोचलेली असे. शाळेत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. धुळ्याच्या देवपुरातल्या बायकांना वाटायचं, अक्का स्वेटर विणतात. पण त्यांच्या घरात लोकरीचा गुंडा कुणी कधी पाहिला नव्हता. ती सुई डोकं खाजवायला होती. बोलता बोलता अक्का ती उपसायच्या, अंबाड्याच्या पोटात घालून दोन-चारदा फिरवायच्या, डोळे अर्धवट मिटायच्या आणि सुई जागेवर ठेवून राहिलेलं वाक्य पुरं करायच्या.

अक्का मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि एकट्या राहायच्या. तरुणपणापासून त्यांच्या डोक्यावर खपल्या धरायच्या. कुणी कोंडा म्हटलं की त्या चिडत. "कोंडा धान्याचा निघतो. मला विकार आहे!" खांद्यावर पडलेलं दिसू नये म्हणून त्या पांढरीच पातळं नेसायच्या. लोकांना वाटलं, मोठ्या गांधीवादी असाव्यात. पंधरा ऑगस्टला गल्लीतल्या झेंड्याचा मान त्यांचाच असायचा. अक्कांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

त्यांचं पंचांग डोक्यावर चाले. थंडी पडली की खपल्या वाढत. मग करंजाचं तेल आणि डांबराचा साबण निघे. अक्का गल्लीत आल्याचं आधी नाकाला कळे. उन्हाळ्यात खपल्या कमी होत, पण धुळ्याचं ऊन, त्यात घाम; डोक्यात मिरच्या वाटल्यासारखं होई. पावसाळ्यात केस वाळत नसत, तेव्हा शेगडीवर कडुनिंबाचा पाला टाकून त्या धुरी घेत. एकदा कुणीतरी केळीची सालं चोळायला सांगितली. अक्कांनी चोळली. दुसऱ्या दिवशी शिवणाचा तास त्यांनी माश्या हाकलत घेतला.

आणि दुसऱ्याचे चांगले केस त्यांना बघवत नसत. एरवी अक्कांची भाषा शाळेतली, स्वच्छ. पण हेवा वाटला की तोंडातून थेट अहिराणी निघायची. लग्न होऊन मी जळगावहून या गल्लीत आले, तेव्हा माझी वेणी कमरेच्या खाली जायची. मी न्हाऊन केस वाळवायला अंगणात आले की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "माय व! देवनी बठ्ठा केस तुलेच दिन्हात का?"

देवानं सगळे केस मलाच दिले म्हटल्यावर मी लाजल्यासारखं करायची. खरं म्हणजे मला फार बरं वाटायचं. माझ्या सासूबाईंना माझ्या भाकरीत, बोलण्यात, माहेरात, सगळ्यात खोट दिसायची. माझ्यापाशी काहीतरी हेवा करण्याजोगं आहे, असं त्या घरात आल्यापासून एकट्या अक्काच म्हणाल्या होत्या. मला त्यांच्या हेव्याची सवय लागली.

मग समोरच्या घरात विमल राहायला आली. सावद्याची. तिचे केस गुडघ्यापर्यंत! पहिल्याच रविवारी ती ओट्यावर केस सोडून बसली आणि अक्का हातातलं दळण तसंच घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "माय व! हाई काय शे व?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या आठवड्यात मी गरज नसताना न्हायले. कुंपणालगत उभी राहून केस झटकले. अक्का मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "अक्का, शिकेकाई नवीन आणलीय."

"छान," अक्का म्हणाल्या. शुद्ध मराठीत. आणि पुन्हा समोरच्या ओट्याकडे बघायला लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. ताप उतरला आणि केस जायला लागले. फणी फिरवली की पुंजकाच हातात येई. मी डोक्यावरून घट्ट पदर घेऊन बसायला लागले. विमल येऊन "येतील परत" म्हणून गेली. दारातून तिची वेणी शेवटपर्यंत दिसत राहिली. मी भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी अक्का आल्या. माझा पदर मागे सारून बघितलं. आता यांना बरं वाटणार, असं मनात आलं. पण त्या घरी गेल्या आणि वाटीत कोमट खोबरेल घेऊन आल्या. माझ्या मागे बसल्या.

"ओढणार नाही. भिऊ नको."

त्यांची बोटं इतकी हलकी चालत होती की एकही केस तुटला नाही. खूप दिवसांनी डोकं शांत झालं. मी सहज विचारलं, "अक्का, तुम्हाला तेल कोण लावून देतं?"

"मीच. लहानपणी आई लावायची. मग चोपड्याला सासरी गेले. सासूनं डोकं पाहिलं, म्हणाली, लागणारा रोग आहे. नवरा शेजारी उभा होता, बोलला नाही. वडील येऊन घेऊन गेले." त्यांची बोटं थांबली नाहीत. "पुढं जळगावच्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, हा रोग लागत नाही, बिलकूल घाबरू नका. आणि पेनच्या टोकानं माझे केस बाजूला करून बघितले."

आईनंतर त्यांच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

मी वळले. वाटी त्यांच्या हातातून घेतली. "या, पुढे बसा."

"नको व. आजारातून उठलीस. आणि ते बघवत नाही."

"बसा म्हणते ना."

त्यांनी अंबाडा सोडला. खाली लाल चट्टे होते, कडेला जाड खपल्या. मी बोटं टेकवली तशी त्यांनी अंग चोरलं. मग हळूहळू खांदे खाली आले. "कानना मांगे," त्या पुटपुटल्या. "हा. तठेच."

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. बघतच राहिल्या. "कुसुम! आधी ऊठ, साबणानं हात धू."

अक्का ताडकन उठायला लागल्या, हात केस गोळा करायला गेले. मी त्यांच्या खांद्यावर तेलकट हात ठेवून त्यांना खाली बसवलं. त्या घरात सासूबाईंना मी पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं.

"धुते," मी म्हटलं. "अजून अर्धं डोकं राहिलंय."