चकत्यांच्या डब्यातल्या अकरा किल्ल्या

आपल्या शोरूमच्या आवारातून एकही गाडी चोरीला गेली तर कुवाबारा हे नाव लावणार नाही, असं त्यानं सकाळच्या सभेत छातीवर हात मारून सांगितलं. जपानच्या आयची प्रांतात गाडीचोरांनी उच्छाद मांडला होता. किल्ली घरात असली तरी तिच्या रेडिओलहरी बाहेरून पकडून गाडी पळवायचे मेले! पत्र्याच्या डब्यातून लहरी बाहेर पडत नाहीत. म्हणून, बावीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे वाकून कंबर मोडलेल्या या विक्रेत्यानं अकराही गाड्यांच्या किल्ल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांच्या रिकाम्या डब्यात भरल्या. चोराला संशय नको म्हणून वर दुकानाचा कागदही होता तसा गुंडाळला. एवढं डोकं चालवायची खरं तर काही गरज नव्हती.

दहा वाजता साहेबांनी त्याला नेझूबाईंकडे माफी मागायला पिटाळलं. बाईंच्या गाडीची किल्ली हरवली होती आणि नवी द्यायला शोरूमनं तीन आठवडे लावले होते. नवी किल्ली खिशात आणि माफीची भेट म्हणून आणून ठेवलेला चकत्यांचा डबा काखेत घेऊन कुवाबारा निघाला. वाटभर फोनवर दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या शिव्या खात होता, त्यामुळे डब्याचं वजन काही जाणवलं नाही. बाईंनी किल्ली घेतली, डबा दोन्ही हातांनी घेऊन दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवला आणि घंटी वाजवली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आवाज अगदी हळू होता, म्हणजे संपलंच.

"कुवाबारा, इथल्या डब्यात चकत्या आहेत. छान आहेत. बारा वाजता इगुची मंडळी शुभ दिवस बघून नवी गाडी न्यायला येतायत, आजीसकट. त्यांना किल्ली मिळाली नाही, तर उद्यापासून तू येऊ नकोस."

आता दिलेली भेट परत कशी मागायची? देणाऱ्यादेखत ती उघडायचीही पद्धत नाही. त्यात ती आता कैलासवासी नेझूंची झालेली! चकत्या लवकर सादळतात, असं त्यानं सुचवून पाहिलं.

"ह्यांना घाई कधीच आवडली नाही," बाई म्हणाल्या आणि चहाचा दुसरा पेला भरला.

मांडी घालायची सोय नाही, गुडघ्यांवर बसून पाय बधिर झालेले. पावणेबारा वाजले तसा त्याचा धीर सुटला. चटईला कपाळ टेकून त्यानं सगळं ओकून टाकलं.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हातात घेतला तेव्हाच कळलं. चकत्या अशा खणखणत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?" कुवाबारा रडकुंडीला आला होता.

बाईंनी तिसरा पेला भरून त्याच्यापुढे सरकवला.

"बसा हो. किल्लीची वाट बघायची सवय होते माणसाला."