तिसऱ्यांदा विचारल्यावर

चीफ खानोलकरांना जेवताना 'आणखी हवं का?' असं विचारलं, की ते हमखास 'नको' म्हणतात. हवं असतं तेव्हाही 'नको' आणि नको असतं तेव्हाही 'नको'च. फरक ओळखायची जबाबदारी वाढणाऱ्याची.

चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनियर. तीस वर्षं समुद्रावर काढून ते इथे परदेशात, हार्बरफ्रंट भागातल्या आमच्या शिपिंग ऑफिसात खुर्चीवर टेकले, तरी सगळे त्यांना 'चीफ'च म्हणत. मी पुण्याची, तिथेच कॉम्प्युटरचं बघणारी. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दर शुक्रवारी त्यांच्याबरोबर जेवायला जाणं आपोआप माझ्या वाट्याला आलं.

ऑफिसमागच्या गल्लीत सहा टेबलांचं एक स्पॅनिश हॉटेल होतं. साठी उलटलेल्या पिलारबाई ते चालवायच्या. दुपारी सेट लंच: टोमॅटो चोळलेला पाव, मसुराचं सूप, पसरट कढईतला केशरी कोळंबीभात, शेवटी कस्टर्ड. "निवडत बसायचं नाही," चीफ खूश होऊन म्हणायचे. "पानात पडेल ते खायचं."

पहिल्याच शुक्रवारी बाई कढई घेऊन टेबलाशी आल्या.

"मोअर राइस?"

"नो, नो. एनफ." चीफनी पोटावर हात ठेवला.

बाईंनी मान डोलावली आणि कढई शेजारच्या टेबलावर नेली. चीफ बघतच राहिले. त्या दुपारी त्यांनी माझ्या ड्रॉवरमधली सगळी बिस्किटं संपवली.

"अगं, एकदाच विचारलं तिनं!"

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं.

"मग सरळ हो म्हणा ना, चीफ!"

"पहिल्यांदाच हो म्हणायला मी काय दुष्काळातून आलोय? हे बघ, एकदा विचारतात ती चौकशी. दुसऱ्यांदा विचारतात ती रीत. तिसऱ्यांदा विचारतात, तो आग्रह."

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी हे सगळं बोटं मोजत पिलारबाईंना इंग्रजीत समजावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांची आई म्हणे न विचारताच वाढायची.

तेव्हापासून दर शुक्रवारी खेळ सुरू झाला. बाई विचारायच्या, चीफ नो. पुन्हा विचारायच्या, पुन्हा नो. तिसऱ्यांदा विचारलं, की "ओन्ली लिटल" म्हणत ताट पुढे. ऑफिसातली माणसं हे बघायला मुद्दाम यायची. मी घड्याळ बघत बसायचे, कारण जेवणाची सुट्टी एकच तास.

एकदा मी सहज विचारलं, "चीफ, घरी हे लाड कोण करतं?"

शहराच्या दुसऱ्या टोकाला, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. खानोलकरकाकू जाऊन पाच वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं, याची मला अजून लाज वाटते.

"स्वतःच वाढून घेतो," ते कस्टर्डकडे बघत म्हणाले. "पण मग नको कुणाला म्हणणार?" आणि लगेच, "तुझा तो सर्व्हर चालू झाला का गं?"

त्यानंतर मी शुक्रवारी घड्याळ बघणं सोडलं.

चार वर्षं असं चाललं. मग पिलारबाईंचे गुडघे दुखायला लागले. हॉटेल बंद करून त्या बहिणीकडे, त्यांच्या गावी, परत निघाल्या. शेवटच्या शुक्रवारी चीफ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पाव, सूप खाल्लं. भाताचं पहिलं वाढप संपलं, तशा बाई कढई घेऊन आल्या.

"मोअर राइस, चीफ?"

"येस," चीफ म्हणाले. "येस, प्लीज."

निघालेल्या बाईला आज तरी 'नको' ऐकवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. मी चाट पडले. पण बाईंनी डाव कढईतच ठेवला आणि चक्क दटावलं,

"नो, नो, चीफ. फर्स्ट यू से नो!"

चीफ हसले. खाकरले.

"नो," ते म्हणाले.

"मोअर राइस?"

"नो." हे जेमतेम ऐकू आलं.

बाई जरा वाकल्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. चीफनी नुसतं ताट पुढे सरकवलं.