चौदाशे शब्द आणि एक खिडकी

इंग्रजी येणं वेगळं आणि इंग्रजीत तासभर न थांबता बोलता येणं वेगळं. पोलंडमधल्या आमच्या अख्ख्या रादोम शहरात हे दुसरं मला एकट्यालाच जमतं, असं मी मागच्या मार्चपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

झालं असं, की आमचा रेडिएटरचा कारखाना एका इंग्रज कंपनीने घेतला. निर्यात विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली आणि मुलाखत घ्यायला लंडनहून मिसेस ॲशबी येणार असं ठरलं. बावीस वर्षं मी तळघरात, नमुन्यांच्या गोदामात बसतोय. बाहेर ऊन आहे की बर्फ, हे मला येणाऱ्यांच्या बुटांवरून कळतं. प्रमुखाच्या खोलीला खिडकी आहे. मला ती जागा हवी होती. खरं सांगायचं तर खिडकीच हवी होती. माझ्याशिवाय अर्ज एकट्या पॅकिंगमधल्या सेवेरिनचा होता, आणि त्याचं इंग्रजी 'फाइन'ला सुरू होऊन 'थँक यू'ला संपायचं.

कामापुरतं इंग्रजी मला येत होतंच. हवे होते ते वरच्या पायरीचे शब्द. पुस्तकातून पाठ केलेले शब्द महिन्याभरात उडून जातात, म्हणून मी एक नामी युक्ती काढली. आजूबाजूची माणसं आपल्या पोलिश भाषेत रोज जे बोलतात तेच टिपून घ्यायचं, त्यातल्या भारी शब्दांचं इंग्रजी शोधायचं आणि पत्त्याएवढ्या कार्डांवर उतरवायचं. मी दवाखान्याच्या रांगेत बसलो. बाजारात आंबवलेल्या काकड्यांच्या पिंपाशी उभा राहिलो. वरच्या मजल्यावरच्या लेओकादियाबाईंना जिन्यात गाठून नुसतं "कशा आहात?" म्हटलं, की चाळीस कार्डांची सोय व्हायची. आमच्याकडे हा प्रश्न विचारला की माणूस खरं काय ते सांगतो. "छान आहे" म्हणणारा एक तर काहीतरी लपवत असतो, नाहीतर परगावचा असतो.

पाच महिन्यांत बुटांच्या दोन खोक्यांत चौदाशे कार्डं जमली. एक दिवस माझी बायको, यादविगा, त्यातलं एक खोकं चाळत बसली.

"बोगुमिऊ, यात एक तरी सुखाचा शब्द आहे का रे?"

"का? काय झालं?"

"संधिवात, असह्य, अधोगती, मोडकळीस आलेला, मूळव्याध. सगळी अशीच आहेत."

"लोक बोलतात ते लिहिलंय. तू गेल्या आठवड्यात कुणाच्या तोंडून दुसरं काही ऐकलंस?"

तिने थोडा विचार केला आणि खोक्याला झाकण लावलं.

मुलाखतीला सेवेरिन आधी आत गेला आणि चार मिनिटांत बाहेर आला. मला त्याची दया आली. जवळ शब्दच नसतील तर माणूस बोलणार तरी किती!

मी आत गेलो. मिसेस ॲशबी उठून उभ्या राहिल्या, हसल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "कसे आहात?"

पहिलाच प्रश्न, आणि माझा सगळा अभ्यास नेमका याच धड्याचा! मी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. "प्रकृती उत्तरोत्तर खालावत आहे, बाईसाहेब. पाठीच्या कण्यात दुःसह वेदना आहेत. निद्रा दुर्मीळ झाली असून पचनसंस्था जवळजवळ संपुष्टात आली आहे." कुठेही अडलो नाही. बाईंचं हसू मावळलं. माझ्या शब्दसंग्रहाने त्या भारावल्या असाव्यात, असं वाटून मला आणखी चेव चढला.

"घरी तुमची काळजी घ्यायला कोणी आहे ना?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

कुटुंबाची दीडशे कार्डं होती. "पत्नीचे गुडघे निकामी होण्याच्या मार्गावर आहेत. सासूबाईंची स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे, हे आमचं दुर्दैव." तिथून मी रस्त्यांवर गेलो, रस्त्यांवरून हवेवर. वीस मिनिटांनी मिसेस ॲशबींनी माझा हात हातात घेतला आणि कारखान्याच्या नर्सबाईंना बोलावलं.

नर्स अपोलोनियाबाईंनी माझा रक्तदाब मोजला. "हा तर ठणठणीत आहे. याला काय होतंय?"

"मुलाखत चाललीय," मी म्हणालो.

त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून दुभाषा मीच. ठणठणीत असल्याचं मी सांगितलं. पण रोग्याच्याच तोंडून ऐकून मिसेस ॲशबींना ते पटेना. विषय बदलावा म्हणून त्यांनी नर्सबाईंना विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?"

अपोलोनियाबाई सरळमार्गी. विचारलं तसं सांगितलं: मणक्यातली गादी सरकलीय, पित्ताशयात खडे आहेत, नवरा तर असून नसल्यासारखा. मी शब्द न् शब्द इंग्रजीत केला. मिसेस ॲशबी ग्लासभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी लंडनला फोन लावला.

संध्याकाळी मला सहा आठवड्यांची सक्तीची रजा मिळाली आणि सोबत फुलांचा गुच्छ. त्यात आठ फुलं होती. आमच्याकडे सम संख्येत फुलं फक्त मयताला नेतात. यादविगाने एक मोडून बाजूला काढलं.

दहाव्या दिवशी मिसेस ॲशबींचा फोन आला. "कसे आहात?" आता मीही शहाणा झालो होतो. "फाइन," म्हणालो. मग, "तुम्ही फार धीराचे आहात," असं म्हणून त्यांनी रजा आणखी दोन आठवड्यांनी वाढवली.

जागा अर्थातच सेवेरिनला मिळाली. मला फार लागलं ते, खोटं कशाला बोलू? तो खसखशीचा केक घेऊन मला बघायला आला. मी तोंडदेखलं विचारलं, "काय, कसा आहेस?"

गडी दीड तास बोलत होता. कंबर धरलीय, बायको आईकडे निघून गेलीय, गाडीचा गिअर पडत नाही, आणि नव्या खोलीत खिडकीतून दिवसभर ऊन थेट डोळ्यांवर येतं.

"अरे, मग त्या बाईने विचारलं तेव्हा यातलं एक अक्षर तरी बोललास का?"

"बोलायचं होतं रे," सेवेरिन केक तोडत म्हणाला. "पण मला इंग्रजीत एवढे शब्द कुठे येतात?"